भीतीची कीड

साताऱ्याच्या शाळेत मी अनेक वर्षे मराठी शिकविले. शिवकालातील शौर्यकथा सांगताना माझा आवाज चढत असे. खिडकीतून अजिंक्यतारा दिसे आणि वर्ग तन्मय होऊन ऐके. परंतु एक गोष्ट मी मुलांपासून लपवून ठेवली होती. त्यांच्या मुख्याध्यापकांना दंतवैद्याची विलक्षण भीती वाटत असे!

ही भीती मला आजोबांकडून मिळाली. त्यांच्या लहानपणी आठवड्याच्या बाजारात दात काढणारा एक माणूस बसे. दोघे जण रोग्याचे हातपाय घट्ट धरीत आणि तो चिमट्याने दाढ उपटून काढी. ही हकीकत माझ्या मनात खोल रुतून बसली. त्यामुळे माझी दाढ ठणकू लागली तेव्हा लवंगेच्या तेलावर मी दोन वर्षे कशीबशी काढली.

पुढे एकदा मुलीच्या घरी सांगलीस गेलो असता रात्रीतून गाल सुजला. सकाळी जावयांनी मला दवाखान्यात नेले. पाहतो तो, डॉक्टरीणबाई माझीच साताऱ्याची जुनी विद्यार्थिनी! दाढ तपासून ती हसून म्हणाली, "गुरुजी, गृहपाठ साठवला की त्याचा डोंगर होतो, असं तुम्हीच सांगत होता ना?"

तिने हिरडीत सुई टोचली. मुंगी चावावी तेवढेच दुखले. थोड्याच वेळात जबडा बधिर झाला. दाढ निघताना ओढ जाणवली, वेदना नाही. "पहिल्या महिन्यात आला असता, तर नुसतं सिमेंट भरून दाढ वाचली असती," ती म्हणाली. ते शब्द मात्र सुईपेक्षा अधिक टोचले.

दाताला कीड लागते म्हणजे काय होते? गूळ, साखर, पेढे यांचे कण दातांत अडकून राहतात. तोंडातील सूक्ष्म जंतू त्यांचे आम्ल बनवितात. हे आम्ल दाताचे वरचे कठीण कवच हळूहळू झिजविते. या कवचाला संवेदना नसते. म्हणून आरंभी काहीच दुखत नाही. कीड आतल्या थरात शिरली की गार पाण्याने कळ येते. ती गाभ्यातील नसेपर्यंत पोहोचली म्हणजे झोप उडते. तात्पर्य, दात दुखत नाही एवढ्यावरून तो निरोगी आहे असे समजू नये.

आजोबांच्या काळची भीती खोटी नव्हती. पण तिचे कारण आता उरलेले नाही. विशेष म्हणजे, वेदनेवर हा विजय मिळविण्यात दंतवैद्यच आघाडीवर होते. अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने १८४४ साली नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून प्रथम स्वतःचीच दाढ काढवून घेतली. दुसरे दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी १८४६ साली बोस्टन येथे ईथर हुंगवून शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला गुंगी आणून दाखविली. पुढे केवळ दुखरा भागच बधिर करणारी औषधे निघाली. आज सर्रास वापरले जाणारे लिग्नोकेन हे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केले. आता तर सातारा जिल्ह्यात कराडला आणि सांगली शहरातही दंतवैद्यक महाविद्यालये आहेत.

तरीही भीती वाटली, तर लाजू नये. ती डॉक्टरांना आधीच सांगावी. पहिली भेट दात दुखत नसतानाच घ्यावी. त्या दिवशी बहुधा तपासणीच होते. कोणते उपकरण कशासाठी आहे, ते विचारून घ्यावे. यंत्राचा आवाज मोठा असला, तरी आवाज म्हणजे वेदना नव्हे. "मी डावा हात वर केला की थांबा," असे आधी ठरवून घ्यावे. थांबविणे आपल्या हाती आहे, एवढ्या जाणिवेनेही मन स्थिर होते. मग सावकाश श्वास घ्यावा व सोडावा. घरी परतल्यावर बधिरपणा ओसरेपर्यंत ओठ किंवा गाल चावला जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

वडीलधाऱ्यांनीही "ऐकलं नाहीस तर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचायला लावीन," असा धाक मुलांना घालू नये. अशाच बोलण्यातून भीती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते.

भीतीमुळे माणूस चालढकल करतो, चालढकलीने दुखणे वाढते आणि वाढलेले दुखणे भीतीला खरे ठरविते. दाताच्या किडीप्रमाणे भीतीची कीडही लहान असतानाच काढावी. परवा माझी सहा वर्षांची नात त्याच खुर्चीवर बसली आणि तिने आपणहून तोंड उघडले. आजोबांकडून आलेला तो वारसा आमच्या घरात माझ्यापाशीच संपला, याचे मला मोठे समाधान वाटले.