लातूरचा माळ, किनवटचं रान

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्याच वर्षी १ जुलैला राज्यानं एका दिवसात २ कोटी रोपं लावायचा संकल्प सोडला. पुढं आकडा ४ कोटी झाला, मग १३ कोटी, आणि २०१९ ला ३३ कोटी. या सगळ्या काळात एक वाक्य भाषणांत आणि अग्रलेखांत सारखं येत राहिलं: लातूर जिल्ह्यात एक टक्कासुद्धा वन नाही. वाक्य खरं आहे. पण त्याच्या पोटात एक गोष्ट न तपासता बसलेली होती. इथं पूर्वी घनदाट जंगल होतं, आपण ते तोडलं, आता परत लावायचं.

ते तपासायची साधनं चाळीस-पंचेचाळीस वर्षं हळूहळू जमत होती. वनस्पतीवाले, उत्खननवाले, समुद्राच्या गाळाचे अभ्यासक, प्रत्येक जण आपापल्या खोलीत.

सुरुवात १९७९ पासून करू. व्ही. एन. नाईक यांनी त्या वर्षी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. वेगळा जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. १९९८ मध्ये त्यांचेच मराठवाड्याच्या वनस्पतींवरचे दोन खंड आले. असल्या याद्या वाचायला महाकंटाळवाण्या, पण त्यांना तारीख असते हे त्यांचं मोल. सोयाबीननं लातूरची बाजारपेठ आणि बांधापर्यंतची जमीन व्यापण्याआधी माळावर काय उगवत होतं, याची ती नोंद आहे. गवतं, काटेरी झुडपं, पावसाळ्यापुरती डोकं वर काढणारी कंदवर्गीय झाडं. चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट पाहिलं तरी हे कळतं. औषधी वनस्पतींसाठी लोक तिथं मृगानंतरच्या दोन-तीन महिन्यांत जातात. उन्हाळ्यात त्याच टेकडीवर परका माणूस ‘ओसाड’ असा शेरा मारून निघून जाईल.

त्याहून मागं जायचं तर मांजरेच्या काठच्या गाळात शिरावं लागतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी या खोऱ्यात दगडी हत्यारं आणि हाडांचे जीवाश्म शोधले. हत्ती, रानबैल, आणि चक्क पाणघोडा! ज्या नदीसाठी लातूरकर टँकरकडे डोळे लावून बसले, तिच्यात हिमयुगात पाणघोडे डुंबत होते. पण हे ऐकून हळहळण्यात अर्थ नाही. पाणघोड्याला डुंबायला पाणी लागतं तसं चरायला गवतही लागतं. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी चाळीसगावजवळच्या पाटण्याला माणसं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी करत होती, आणि शहामृग दाट जंगलात राहत नाही. म्हणजे दख्खनच्या पठारावर मोकळे गवताळ भाग तेव्हाही होते, नांगर यायच्या कितीतरी आधी.

गोदावरीची साक्ष २०१२ मध्ये आली. नांदेडवरून वाहत गेलेला गाळ शेवटी बंगालच्या उपसागरात बसतो आणि त्याच्याबरोबर पानांवरचं मेणही. झाडांच्या आणि उष्ण प्रदेशातल्या गवतांच्या मेणात कार्बनची खूण वेगळी असते. नदीच्या मुखासमोरच्या गाळाचे थर मोजल्यावर दिसलं, की सुमारे ४ हजार ते १७०० वर्षांपूर्वीच्या काळात खोऱ्यात कोरड्या हवेला सरावलेल्या वनस्पती वाढत गेल्या. इथं थोडं सांभाळून घ्यायला हवं. गोदावरीचं खोरं बस्तरपर्यंत पसरलेलं आहे, आणि ज्वारीही त्या गवतांच्याच गटातली. तेव्हा या गाळावरून एकट्या लातूरचं चित्र काढता येत नाही.

२०२५ मध्ये आलेला आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा शोधनिबंध मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यांनी पुरावा मराठीतच शोधला. ओव्या, लोककथा, संतचरित्रं यांतून त्यांनी ४४ रानटी वनस्पतींचे उल्लेख वेचले. त्यांतल्या २७ मोकळ्या माळरानाच्या होत्या, आणि खास जंगलाच्या फक्त तीन. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं निदान साडेसातशे वर्षं जुनी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. तो मराठवाड्याला जसाच्या तसा चिकटवू नये. पण माळेगावच्या खंडोबाच्या वाघ्या-मुरळीची गाणी आणि माहूरच्या रेणुकेच्या आराध्यांची गाणी याच नजरेनं ऐकता येतील. कवी चंदन-चाफा सवयीनंही घालतात, तेवढे वगळायचे. हिवर, तरटी, बोर कुणी शोभेसाठी घालत नाही.

माझ्या मते एक पुरावा तर दावणीलाच बांधलेला आहे. देवणी आणि लाल कंधारी, दोन नामांकित गोवंश, एक लातूरच्या भागातला, दुसरा नांदेडच्या. असली जनावरं पिढ्यान् पिढ्या घडायला हक्काची चराई लागते. माळेगावच्या यात्रेत त्यांचा बाजार भरत आला, तो आसपासच्या मारवेल-पवन्या गवतांच्या जिवावर.

नांदेडच्या उत्तरेला मात्र गोष्ट उलटी आहे. किनवट-माहूरकडं सागाचं खरं जंगल होतं आणि काही अजून आहे. १९९६ मध्ये जाहीर झालेलं पैनगंगा अभयारण्य त्याच पट्ट्यातलं. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात कॉलर असलेला ‘वॉकर’ वाघ पैनगंगेच्या जंगलातून पुढं थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पोचला. तेव्हा किनवटला झाडं राखा, तुटलेले पट्टे जोडा, हे म्हणणं बरोबरच. तोच उपाय बालाघाटाच्या माळावर नेला, की सलग समतल चरांनी गवताची मुळं उपटतात आणि गिरिपुष्पाच्या ओळी उभ्या राहतात. काळवीट, लांडगा, धाविक पक्षी यांना त्या सावलीचा काही उपयोग नाही.

तरीही ‘जुना माळ परत आणा’ ही घोषणा मला सरळ वाटत नाही. कुठल्या सालचा माळ? निजामाच्या काळातला, की त्याआधीचा? आणि माळ म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान. त्या गायरानावर मराठवाड्यातल्या भूमिहीन दलित कुटुंबांनी लढून शेती उभी केली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय त्या लढ्यातून आला. गवताच्या नावानं त्यांच्यावर नोटिसा निघाल्या, तर धाविकही वाचणार नाही आणि न्यायही राहणार नाही. न नांगरलेलं गायरान अजून जिथं शिल्लक आहे, तिथं आधी गावातल्या गुराख्यांना आणि मेंढपाळांना विचारावं, कुठलं गवत कधी येतं आणि कुठलं यायचं थांबलं. वृक्षलागवडीच्या अहवालात रोपांचा रकाना असतो, जगलेल्या रोपांचाही असतो. गवताचा अजून नाही.