अंगणातल्या इंजिनाला बॅटरी बसवताना

पेणला किंवा रोह्याला आपल्या घराभोवती अंगण असेल आणि त्यात ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर मोठ्या मापाची मॉडेल रेल्वे मांडलेली असेल, तर पावसाळा सरताना एक अडचण हमखास येते. इंजिन दोन हात पुढे जाते, दिवे लुकलुकतात आणि ते थांबते. न्यूरेंबर्गच्या एलजीबीने १९६८ मध्ये बागेत चालणारी अशी रेल्वे बाजारात आणली, तेव्हापासून या इंजिनांना वीज रुळांमधूनच मिळत आली आहे. आपल्या दमट हवेत पितळी रुळांवर काळपट थर चढतो, त्यावर लाल माती आणि आंब्याचा गळलेला पाला. दर वेळी शंभर फूट रूळ घासत बसण्यापेक्षा वीज इंजिनाच्या पोटातच ठेवणे शहाणपणाचे.

हे काम मोठ्या मापातच सोपे आहे. पुण्यात भाऊ जोशींच्या मिनिएचर रेल्वेच्या संग्रहालयात दिसतात ती इंजिने मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची असतात आणि तिथे बॅटरी मावणे फार कठीण. आपल्या ४५ मिलिमीटरच्या इंजिनात मात्र हात घालून काम करता येते.

कोणते इंजिन करायचे, हे आधी ठरवा. माझे मत विचाराल तर डब्ल्यूडीएम-२. अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या आराखड्यावर १९६४ पासून वाराणसीत बनलेले २६०० अश्वशक्तीचे हे डिझेल इंजिन भारतभर धावले. मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे जिथे सुरू होते, त्या रोह्यात डिझेलचा आवाज कितीतरी वर्षे सवयीचा होता. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पुरे झाल्यावर तो विरळ झाला. म्हणून आपल्या अंगणात तरी डिझेल टिकावे असे मला मनापासून वाटते.

बाजारात तयार मिळणारी चासी, म्हणजे चाके, मोटरी आणि खालचा सांगाडा, बहुधा अमेरिकन डिझेलची असते. सहा ॲक्सलची मिळाली तर उत्तम. १:३२ मापात डब्ल्यूडीएम-२ साधारण ५३ सेंटीमीटर लांब आणि ९ सेंटीमीटर रुंद होते. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची असल्याने या मापात रूळ ५२ मिलिमीटर हवेत, आपल्याकडे आहेत ४५. हा फरक मी तरी मान्य करतो. त्यासाठी चाके बदलायला गेलात तर अर्धे वर्ष त्यातच जाईल.

आता मोजमाप. बॅटरी घ्यायला बाजारात जाण्याआधी आपल्या इंजिनाला किती करंट लागतो ते पाहा. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर मोटरच्या वाटेत, म्हणजे वीज मीटरमधूनच जाईल असा जोडा. इंजिन उचलून चाके मोकळी फिरवा, मग गाडी ओढताना पाहा, आणि शेवटी चाके क्षणभर हाताने धरून ठेवा. धरल्यावर दिसतो तो स्टॉल करंट, म्हणजे मोटर अडकल्यावर ती जास्तीत जास्त ओढते तो प्रवाह. एका सेकंदाहून जास्त धरू नका, मोटर जळते. दोन्ही बोगींत, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या दोन संचांत, मोटर असेल तर दोन्हींची बेरीज धरा.

मोजून झाले की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. अँपिअरच्या भोकात राहिलेल्या वायरीने बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेले की थेट शॉर्ट होतो. मीटरचा फ्यूज उडाला तर स्वस्तात सुटलात म्हणायचे.

समजा, भार ओढताना १ अँपिअर लागला आणि अडकवल्यावर ४. हे दोन आकडे कागदावर लिहा. पुढची प्रत्येक वस्तू याच कागदावरून घ्यायची आहे.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची: रुळांशी असलेले इंजिनाचे विजेचे नाते पूर्ण तोडायचे. बोगीतून सहसा चार वायरी वर येतात. दोन चाकांकडून वीज आणणाऱ्या, दोन मोटरकडे नेणाऱ्या. रंगांवर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर बझरवर ठेवून एक टोक चाकाला आणि दुसरे एकेका वायरीला लावा, वाजेल ती चाकाची. चाकांच्या वायरी नुसत्या कापून न ठेवता मुळापासून काढा. चाकांना आणि रुळांना घासणाऱ्या पट्ट्याही काढा, तेवढेच घर्षण कमी होते.

इथे आळस केला तर काय होते ते नीट समजून घ्या. चाकांची जोडणी तशीच राहिली आणि मित्राच्या बागेत, जिथे रुळांत वीज आहे, तिथे इंजिन ठेवले, तर ती वीज सरळ आपल्या लिथियम बॅटरीत शिरते. बॅटरी तापते, फुगते, पेट घेऊ शकते. बॅटरीच्या इंजिनांत आग लागण्याचा हा सर्वांत टाळता येण्यासारखा प्रकार आहे.

बॅटरीसाठी १८६५० नावाचे लिथियम-आयन सेल सोयीचे. हा आकडा म्हणजे त्यांचे माप: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. एक सेल साधारण ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. असे चार एकामागे एक जोडले की १४.८ व्होल्ट मिळतात. रुळांवरून याहून जास्त व्होल्ट मिळत असत, म्हणून इंजिनाचा कमाल वेग थोडा उतरेल. त्याने बिघडत नाही. ताशी ७५ किलोमीटरची मालगाडी १:३२ मापात सेकंदाला फक्त ६५ सेंटीमीटर जाते.

सेल घेताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, पण वेष्टनावरचा आकडा वाचा. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३००० ते ३५०० मिलिअँपिअर-तास मावतात. ९८०० लिहिलेला सेल स्वस्तात मिळत असेल तर तो खोटा आहे. जुन्या लॅपटॉपच्या किंवा ई-स्कूटरच्या पॅकमधले सेलही घेऊ नका. कोणता किती थकला आहे ते बाहेरून कळत नाही, आणि चारांतला एक कमजोर सेल इतर तिघांना घेऊन बुडतो.

सेलला थेट डाग देऊ नका. सोल्डरच्या उष्णतेने आतले पडदे खराब होतात. निकेलची पट्टी स्पॉट-वेल्डिंगने बसवून देणारे बॅटरीवाले मिळतात, त्यांच्याकडून करून घ्या. सोबत बीएमएस हवाच. ही एक छोटी पट्टी असते. सेल जास्त भरू लागला, जास्त रिकामा होऊ लागला किंवा शॉर्ट झाला की ती वीज तोडते. आपल्या कागदावर ४ अँपिअर आहेत, म्हणून १० अँपिअरची बीएमएस घ्या, आणि बॅटरीच्या धन टोकापासून बोटभर अंतरावर ५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज दूर, स्विचपाशी बसवला तर मधली वायर कुठे घासून उघडी पडल्यावर त्याचा काहीच उपयोग नाही.

३ अँपिअर-तासांचा पॅक आणि १ अँपिअरचा खर्च, म्हणजे हिशेबाने तीन तास. अडीच धरा.

बॅटरी ठेवायची कुठे? डब्ल्यूडीएम-२च्या दोन बोगींमध्ये खाली डिझेलची टाकी असते, खऱ्या इंजिनात ५००० लिटरची. चार सेल शेजारी-शेजारी ठेवले की ७२ बाय ६५ मिलिमीटरचा, १८ मिलिमीटर जाडीचा चपटा पॅक होतो, आणि तो आपल्या ९ सेंटीमीटर रुंद मॉडेलच्या टाकीत आडवा बसतो. चासीच्या टाकीत लोखंडी वजन असेल तर ते काढा. वजन खाली आणि मध्यावर आले की इंजिन वळणावर कलत नाही आणि चाके घसरत नाहीत. दोन्ही बोगींवर सारखा भार आहे का, हे किचनमधल्या वजनकाट्यावर एकेक बोगी ठेवून पाहा. एकीकडे जास्त निघाला तर काढलेल्या लोखंडाचे तुकडे हलक्या बाजूला चिकटवा. टाकी रुळांच्या जवळ असते, म्हणून पॅकभोवती प्लास्टिकचे जाड आवरण हवे. उसळलेला खडा सेलला लागता कामा नये.

मोटरचा वेग सांभाळते ती ईएससी, म्हणजे रिमोटचा हुकूम घेऊन मोटरला कमी-जास्त वीज देणारी पट्टी. आपल्या मोटरी ब्रशवाल्या असतात, तेव्हा ईएससीही ब्रशवाली आणि मागे-पुढे दोन्हीकडे चालवणारी घ्या. स्वस्त पट्ट्या बऱ्याचदा तीन सेलपर्यंतच्या असतात. चार सेलच्या १६.८ व्होल्टवर त्या धूर सोडतात. खेळण्यातल्या मोटारींसाठी केलेल्या पट्ट्यांत रिव्हर्सला दोनदा दाबावे लागते, कारण पहिला दाब ब्रेकचा. शंटिंग करताना याचा फार वैताग येतो. हाताने सर्किट करणाऱ्यांनी एल२९८एन ही सर्वत्र मिळणारी पट्टी टाळावी. ती दोनेक व्होल्ट स्वतःच खाते आणि बंद बॉडीत तापते.

रिमोटचा रिसीव्हर मोटरपासून लांब बसवा, त्याची अँटेना धातूला टेकू देऊ नका. मोटरच्या दोन टोकांना १०४ छापलेला छोटा सिरॅमिक कॅपॅसिटर आहे का पाहा. नसेल तर लावा, ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास कमी होतो. मग फेलसेफ तपासा, म्हणजे रिमोटशी संपर्क तुटला तर इंजिनाने काय करायचे ती सोय. इंजिन ठोकळ्यांवर उचलून चाके फिरवा आणि रिमोट बंद करा. चाके थांबलीच पाहिजेत. ती फिरत राहिली तर इंजिन रुळांवर ठेवू नका, आधी सेटिंग दुरुस्त करा.

आता बॉडी, आणि इथे पेणकरांइतके नशीबवान कोणी नाही. सपाट बाजू फ्लेक्सवाल्यांकडे मिळणाऱ्या ३ मिलिमीटरच्या सनबोर्डातून कापा. बोगींच्या कोरीव बाजूंना मात्र साचा हवा. दोन बोगी, चार बाजू, पण डावी आणि उजवी आरशातल्यासारखी उलट. दोन्ही नमुने बारकाईने करून पेणजवळच्या हमरापूर किंवा जोह्याच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात न्या. मूर्तीवरून रबरी साचा काढणाऱ्या हातांना हे काम समजावून सांगावे लागत नाही. फक्त भाद्रपदाआधी जाऊ नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो. आणि त्या साच्यात प्लास्टर न ओतता रेझिन ओता. प्लास्टर ओल धरते, धक्क्याने फुटते.

खऱ्या अल्को बोगीत तीन चाकांमधली अंतरे सारखी नसतात, मॉडेलच्या चासीत ती बहुधा सारखी असतात. नमुने खऱ्या इंजिनासारखेच करा. बाजूची पट्टी नीट असली की चाकांकडे नजर जात नाही. रेडिएटरच्या पंख्यावर आणि बाजूच्या झडपांवर रंगवलेली जाळी नको, खरी बारीक जाळी लावा. एप्रिल-मेच्या उन्हात ईएससीला हवा तिथूनच मिळणार आहे. रंग कोरड्या दिवशी मारा. पावसाळी हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते.

पहिली फेरी भाराशिवाय, दुसरी भारासह. भार म्हणून मला रो-रो आवडते. १९९९ मध्ये रोहा तालुक्यातल्या कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक सपाट वॅगनवर चढवून नेणे सुरू झाले. सपाट वॅगनवर खेळण्यातले ट्रक ठेवले की तीच गाडी अंगणात तयार. पंधरा मिनिटे चालवून मोटरला आणि पॅकला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर भार कमी करा किंवा चढ सौम्य करा. माथेरानची गाडी २० फुटांत १ फूट चढते, पण बागेत ४० फुटांत १ फुटापेक्षा जास्त चढ ठेवू नका.

चार्जर १६.८ व्होल्टचा, लिथियमसाठी केलेलाच वापरा. पिन बसते म्हणून लॅपटॉपचा ॲडॅप्टर लावू नका. चार्जिंग फरशीवर, समोर बसून करा, रात्री लावून झोपू नका. पॅक फुगला किंवा चटका बसेल इतका तापला तर अंगणात वाळूवर नेऊन ठेवा. निकामी सेल कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा विकणाऱ्याकडे विचारा.

मृगाचे ढग दिसले की पॅक इंजिनातून काढा. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून सिलिका जेलच्या पुड्यांसह पत्र्याच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा ठेवला तर चार महिन्यांत तो थकतो. दिवाळीला बाहेर काढल्यावर आधी चारही सेलचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. एखादा इतरांपेक्षा ०.१ व्होल्टहून जास्त मागे पडला असेल तर पॅक इंजिनात घालू नका, बॅटरीवाल्याकडून तपासून घ्या.