नोराची सही

नॉर्वेचे नाटककार हेन्रिक इब्सेन यांचें 'बाहुलीचें घर' हें नाटक सन १८७९ च्या डिसेंबरांत कोपनहेगन येथें प्रथम रंगभूमीवर आलें. अनंत काणेकरांनीं तें पुढें 'घरकुल' या नांवानें मराठींत आणलें. शेवटीं नोरा पतीचें घर सोडून जाते, एवढेंच पुष्कळांस ठाऊक असतें. आणि बायकांनीं घरें सोडावीं असा नाटकाचा उपदेश आहे असें समजून कित्येक सद्गृहस्थ त्यावर रुष्ट असतात. आमच्या मतें कलहाचें मूळ एका कर्जरोख्यांत आहे, व तें आमच्या व्यापारी वाचकांस इतरांपेक्षां लवकर उमजावें.

नोराचा पति हेल्मर आजारी पडला. त्यास हवापालटासाठीं इटलींत न्यावयाचें, तर जवळ पैसा नाहीं. विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवांचून कर्ज काढतां येत नसे. तेव्हां नोरानें गुपचूप क्रोगस्टाड नामक इसमाकडून रक्कम उचलली आणि जामीन म्हणून आपल्या पित्याची सही स्वतःच ठोकून दिली. पिता वारला २९ सप्टेंबरला. सहीखालीं तारीख २ ऑक्टोबर! खोटी सही ती खोटीच. तिचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु कपड्यांच्या पैशांतून वांचवून, रात्रीं जागून नकला उतरून जी बाई हप्ते फेडते, तिला तिचा पति 'चंडोल' आणि 'खार' म्हणून गोंजारतो व उधळी ठरवितो. आमच्या पेठांतूनही दुकान गृहिणीच्या नांवावर असतें. कागद पुढें आला कीं "येथें सही कर" एवढेंच तिला सांगण्यांत येतें. ती सही खरी असते, पण कागद तिला वाचून दाखविणारीं घरें किती?

नोराची मैत्रीण क्रिस्टीन लिंडे हिची कथा उलट आहे. अंथरुणास खिळलेली आई व दोन लहान भाऊ यांच्यासाठीं तिनें आपल्या मनांतील क्रोगस्टाडला नाकारून पैसेवाला नवरा केला. तो वारला, धंदा बुडाला, आणि ती छोटें दुकान, छोटी शाळा, मिळेल तें काम करीत जगली. आतां ती आपण होऊन क्रोगस्टाडकडे जाते: दोघेही बुडालेले आहोंत, एकत्र येऊं, असें म्हणते. एकीचा संसार मोडतो त्याच वेळीं दुसरीचा सुरू होतो. भेद इतकाच कीं, लिंडेबाईच्या सौद्यांत कांहींच झांकलेलें नाहीं. दोन्ही बाजूंचें येणें-देणें आधींच मांडलेलें आहे. हेल्मरला मात्र रोख्याची गोष्ट कळतांच पत्नी अपराधी दिसते, आणि रोखा परत येतांच आपण वांचलों असें तो ओरडतो. 'आपण' म्हणजे तो एकटा!

तिसरी स्त्री आहे दाई आनमारी. तिच्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. नोराला सांभाळण्याची चाकरी मिळावी म्हणून या गरीब बाईनें स्वतःची मुलगी परक्यांच्या हातीं दिली. त्या मुलीनें जन्मांत दोनदां पत्र पाठविलें, त्याचाही तिला आनंद!

नॉर्वेंत विवाहित स्त्रीस कायद्यानें सज्ञान मानण्यास १८८८ साल उजाडावें लागलें. तत्पूर्वीं १८८० सालीं जर्मनींत नोराचें जाणें सोसवेना, म्हणून खुद्द इब्सेन यांना दुसरा शेवट लिहून द्यावा लागला. त्यांत मुलांच्या खोलीशीं येऊन नोरा थांबते. हा आपल्या नाटकावर अत्याचार आहे असें ते स्वतःच म्हणत. आई मुलांस टाकून जाते कशी, हा लोकांचा आक्षेप होता. दाईनें पोटासाठीं मूल टाकलें, त्याबद्दल मात्र कोणीं नाटकाचा शेवट बदलून मागितला नाहीं.