गाडी उभी होती, पुली फिरत होती

‘सर, गाडी तर स्टँडवर उभीच होती...’

अपघात विभागात आलेला मेकॅनिकल इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी मला पुनःपुन्हा हेच सांगत होता. त्याच्या उजव्या तर्जनीचं टोक नखासकट चेचलं गेलं होतं. जखमेत काळं ग्रीस आणि रबराचा भुगा होता. परजिल्ह्यातल्या एका कॉलेजची ही मुलं स्पर्धेसाठी घरगुती ‘बग्गी’ बनवत होती. इंजिन चालू होतं, झाकण काढलेलं होतं. पट्टा ढिला वाटतो का, हे हा बोटाने पाहत होता आणि त्याच क्षणी मित्राने अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

खडकाळ रस्त्यावर, चिखलात चालणाऱ्या या एकसीटी बग्ग्यांची स्पर्धा म्हणजे ‘बाहा’. अमेरिकेत ती १९७६ मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. भारतात २००७ पासून इंदूरजवळच्या पीथमपूरला भरू लागली. पुण्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांचे संघही त्यात उतरत आले आहेत. लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्डिंग करण्यापासून चार तासांच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत बरंच काही मुलं स्वतः करतात. आमच्या बिबवेवाडीतही इंजिनीअरिंग कॉलेज असल्याने रात्री उशिरापर्यंत वर्कशॉपमध्ये रमणाऱ्या मुलांचं मला अप्रूप नाही, कौतुक आहे. काळजी आहे ती त्यांच्या बोटांची.

यातल्या अनेक बग्ग्यांमध्ये गिअर बदलावे लागत नाहीत. त्यांच्यात ‘सीव्हीटी’, म्हणजे कन्टिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन असतं. नाव मोठं असलं तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. आपल्या दारातल्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये तेच असतं. १९५८ मध्ये नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने ते छोट्या मोटारीत आणलं. आपल्याकडे ते घराघरांत पोहोचवलं १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने. योगायोग असा, की तो कारखानाही पीथमपूरचाच.

दोन पुल्या आणि त्यांच्यावरून फिरणारा रबरी पट्टा, एवढाच हा कारभार. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या तबकड्या. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात आणि पट्टा कडेकडे सरकतो. त्याच वेळी मागच्या पुलीच्या तबकड्या फाकतात आणि तिथे पट्टा आत, आसाकडे जातो. जणू सायकलचे गिअर बदलावेत तसं, पण पायऱ्या न पडता. अप्पर इंदिरानगरचा चढ चढताना स्कूटर आपोआप ‘खालच्या गिअरमध्ये’ आल्यासारखी वाटते, ती यामुळेच. खड्ड्याखळग्यांतून जाताना दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात, ऐन चढावर क्लच सोडताना इंजिन बंद पडत नाही. चालकासाठी ही खरोखरच सोय आहे.

धोकाही याच सोयीच्या पोटात आहे. नेहमीचा गिअरबॉक्स तेलात बुडालेला, बंद पेटीत असतो. त्यात कुणी बोट घालत नाही. सीव्हीटीचा पट्टा मात्र कोरडा चालतो. चढावर जोर हवा की सपाटीवर वेग, त्याप्रमाणे मुलं आतली वजनं आणि स्प्रिंगा बदलून पाहतात. दर खेपेला झाकण काढा, लावा, याचा कंटाळा येतो. पट्टा तापतो म्हणून ‘राहू दे जरा उघडं’ असंही होतं. शिवाय इंजिन मंद चालत असताना बग्गी जागची हलत नाही, पट्टाही सैल असतो, पण पुढची पुली मात्र इंजिनाबरोबर फिरतच असते. अ‍ॅक्सिलरेटरला जरासा पाय लागला, की तबकड्या मिटतात आणि पट्टा पकड घेतो.

या स्पर्धेत वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं १० अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला साधारण ३,८०० फेऱ्यांपर्यंत जातं, म्हणजे सेकंदाला साठाहून अधिक. काही दिसल्यावर हात मागे घ्यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पुलीच्या बारा फेऱ्या झालेल्या असतात. ‘मी चपळ आहे’ याला इथे काही अर्थ नाही. बोट पट्टा आणि पुलीच्या बेचक्यात गेलं, तर हाड चेचतं. अंगठी किंवा हातमोजा अडकला, तर कातडी मोजा उतरवावा तशी सोलून निघते. ही जखम शिवणं सर्जनसाठीही कठीण असतं.

म्हणूनच बाहाच्या नियमांत या पुल्यांभोवती किमान दीड मिलिमीटर जाडीच्या पोलादाचं किंवा तीन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचं कवच सक्तीचं आहे. पट्टा तुटून उडाला तर चालकाला आणि बघ्यांना लागू नये, हाही त्यामागचा हेतू आहे. पण तपासणीच्या दिवशी कवच असून भागत नाही. ते वर्कशॉपमध्ये रात्री दोन वाजताही हवं. इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढावी, आणि ती ज्याचा हात आत जाणार त्यानेच काढावी. सैल बाह्या, ओढणी, कडं, मनगटावरचे धागे, मोकळे केस जवळ नकोत. फिरत्या भागाशी हातमोजेही नकोत. नुकत्याच थांबलेल्या पुल्या भाजण्याइतक्या तापलेल्या असतात, हेही ध्यानात ठेवावं.

घरी बग्गी नसली, तरी स्कूटर आहेच. इंजिन चालू ठेवून आपण फाटक उघडायला उतरतो आणि पुढे उभं असलेलं लहान मूल हौसेने मूठ पिळतं. मध्ये हाताने दाबायचा क्लच नसल्याने गाडी मुलासकट झेप घेते. उतरताना किल्ली काढून खिशात टाकावी, दोन मिनिटांसाठीसुद्धा.

तरीही अपघात झालाच, तर आधी इंजिन बंद करा. स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. बोट सुजण्यापूर्वी अंगठी काढा. हळद, कॉफी, टूथपेस्ट काहीही लावू नका. लोंबणारा भाग ओढून तोडू नका. तुटलेला तुकडा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. १०८ ला फोन करा, धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण ठेवा.

त्या मुलाच्या तर्जनीचं टोक आम्हाला वाचवता आलं नाही. शेवटच्या ड्रेसिंगला आला तेव्हा त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. बग्गीच्या पुल्यांवर भडक पिवळं कवच बसवलं होतं. ‘आता हे लावल्याशिवाय इंजिनाची दोरी कुणी ओढायची नाही, असं ठरलंय,’ तो म्हणाला. मी त्याला पेन धरायला सांगितलं. अंगठा आणि मधल्या बोटात धरून त्याने सावकाश स्वतःचं नाव लिहिलं.