जखमी मासळीची नक्कल

मोठा मासा थव्यातली डळमळणारी मासळी आधी टिपतो, हे फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी होडीतून पाहिलं. १९३६ मध्ये त्यांनी बुचाच्या तुकड्यातून गळाची नकली मासळी कोरली. वर चॉकलेटची चांदी, त्यावर वितळवलेल्या फोटो-निगेटिव्हचा लेप!

पुढे आलेलं बाल्सा लाकूड फार हलकं. दोरी हळूच ओढली तरी ही मासळी जिवंत असल्यासारखी थरथरते आणि थंड पाण्यातल्या सुस्त बास माशाला नेमकी हीच थरथर भुलवते. मात्र वाऱ्यात ती लांब फेकता येत नाही, खडकावर आपटली की फुटते.

अमेरिकेत, आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथच्या ‘रेबेल मिनो’ या नकली मासळीने १९६०च्या दशकात पोकळ प्लास्टिक रूढ केलं. टिकाऊ, लांब जाणारं, प्रत्येक नग सारखा.

थरथर थोडी कमी, तरी वाऱ्याच्या दिवशी ही प्लास्टिकची मासळीच बांधावी.