एकच संत, एकच तारीख, निरनिराळे सण

दापोडीहून लोकलने पुण्यास जाणाऱ्या आमच्या भाविकांपैकी बहुतेकांना सेंट पॅट्रिक कॅथेड्रल ठाऊक आहे. परंतु दूरच्या आयर्लंडचा हा संत पुणे धर्मप्रांताच्या मुख्य मंदिरात कसा आला, हे क्वचितच कोणी विचारते. उत्तर लष्कराच्या छावणीत सापडते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या शिपायांत गरीब आयरिश कॅथलिकांचा मोठा भरणा असे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढलेली बॉम्बे युरोपियन रेजिमेंट पुढे, १८८१ मध्ये, रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी पलटण झाली. त्या लढाईत तिला येऊन मिळालेली फोर्डची पलटण तर आमच्या दापोडीचीच. पुण्याच्या छावणीतील आयरिश शिपायांसाठी १८५० मध्ये हे मंदिर उभे राहिले व १८८६ मध्ये धर्मप्रांत स्थापन झाल्यावर ते कॅथेड्रल बनले. पहिले बिशप बायडरलिंडन मात्र जर्मन येशूसंघीय! शिपाई गेले, त्यांचे राज्यही गेले, संत राहिला.

वाचकहो, आयरिश माणूस जेथे जेथे गेला तेथे १७ मार्चचे रूप बदलत गेले. खुद्द आयर्लंडात हा दीर्घकाळ मिस्सेचा व घरगुती भोजनाचा दिवस होता. १९२७ च्या कायद्याने त्या दिवशी मद्यालये बंद ठेवली जात, आणि ही बंदी तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. मिरवणुकीची धामधूम अमेरिकेची देणगी आहे. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची मानली जाते, आणि ती काढणाऱ्यांत ब्रिटिश सैन्यातील आयरिश शिपाईच होते. पुढे दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या, परक्या शहरांत हेटाळल्या गेलेल्या लोकांना आपली संख्या रस्त्यावर दाखवणे गरजेचे वाटले असल्यास नवल नाही. शिकागोची नदी १९६२ पासून हिरवी रंगवतात, त्यामागची गरज कोणती, हे मात्र आम्हांस उमगलेले नाही. १९९६ पासून डब्लिननेही मोठा महोत्सव आरंभला. म्हणजे सण परदेशाहून माहेरी परतला.

कॅरिबियन समुद्रातील माँटसेरात बेटाची कथा सर्वांहून निराळी आहे. तेथील मळ्यांचे अनेक मालक आयरिश होते. १७६८ मध्ये धनी सणाच्या मेजवानीत दंग असतील म्हणून आफ्रिकी गुलामांनी नेमका १७ मार्च उठावासाठी निवडला. बेत फुटला, पुढाऱ्यांना फाशी झाली. आज त्या बेटावर १७ मार्चची सुटी असते ती त्या गुलामांच्याही स्मृतीसाठी. संत पॅट्रिक स्वतः सोळाव्या वर्षी पळवून नेलेला, आयर्लंडात सहा वर्षे गुरे राखलेला गुलाम होता. जन्माने तो आयरिश नव्हताच, ब्रिटनचा होता. त्या मळेवाल्यांना हे ठाऊक नसेल असे नाही.

उपासनेतही दर्जा सारखा नाही. आयर्लंडात हा महोत्सव, जगभरच्या ख्रिस्तसभेत केवळ ऐच्छिक स्मरणदिन. तारीख नेहमी प्रायश्चित्तकाळातच येते. २००८ मध्ये ती पवित्र आठवड्यात आली, तेव्हा आयर्लंडात उपासनेचा सण १५ मार्चला करण्यात आला. कित्येक मिरवणुका मात्र १७ लाच निघाल्या. २०१७ व २०२३ मध्ये शुक्रवार आला. महोत्सवाच्या शुक्रवारी मांसवर्ज्याचे बंधन धर्मनियमानेच उठते, त्यामुळे आयर्लंडात प्रश्न नव्हता. अमेरिकेत काही बिशपांनी सूट दिली, काहींनी नाकारली. नदीच्या या तीरावर मांस चाले, त्या तीरावर नाही!

पुण्यात मिरवणूक नाही, हिरवा रंग नाही. मंदिर ज्या संताच्या नावे असेल त्याचा सण त्या मंदिरात महोत्सवाच्या दर्जाचा, एवढा उपासनेचा नियम उरतो. म्हणून कॅथेड्रलमध्ये त्या दिवशी जांभळी वस्त्रे बाजूला ठेवून पांढरी घ्यायची असतात. २०२८ मध्ये १७ मार्च पुन्हा शुक्रवारी येईल. कॅथेड्रलच्या वेदीवर तो महोत्सव असेल. लोकलने काही स्थानके अलीकडे, दापोडीत, प्रायश्चित्तकाळातील एक शुक्रवार.