स्टेशनबाहेरचा करांदा आणि दुकानातली गोळी

दिवाळी उलटली की कर्जत स्टेशनबाहेरच्या टोपल्यांमधलं सामान बदलतं. पावसाळी रानभाज्या केव्हाच संपलेल्या असतात. आता डोंगराकडून आलेल्या ठाकर आणि कातकरी बाया करांदे घेऊन बसतात. करडा, खडबडीत, बटाट्याएवढा हा कंद मातीत नव्हे, वेलीवर वाढतो. पानाच्या बेचक्यात लटकलेला करांदा पहिल्यांदा पाहिला तर कुणीतरी गंमत म्हणून बटाटे टांगून ठेवलेत असंच वाटतं.

"कडू नाय ना?" असं विचारल्यावर उत्तर ठरलेलं. "नाय ताय, राखंत उकडलाय."

या राखेमागे मोठं शहाणपण आहे. रानटी करांद्यातली काही कडू द्रव्यं यकृताला घातक असतात. म्हणून त्याच्या चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, वाहत्या पाण्यात ठेवायच्या आणि मगच खायच्या. ही रीत कुठल्या प्रयोगशाळेत ठरलेली नाही.

रस्ता ओलांडला की औषधाचं दुकान लागतं. घरात पूजा असली, लग्न असलं, गौरी यायच्या असल्या की तिथे हळू आवाजात एक गोळी मागितली जाते, पाळी पुढे ढकलायची. पाकिटावर बारीक अक्षरात नाव असतं नॉरएथिस्टेरॉन. ही गोळी आणि रस्त्यापलीकडचा करांदा एकमेकांचे नातेवाईक आहेत हे मला कळलं, तेव्हापासून त्या रस्त्यावरून जाताना मी दोन्हीकडे बघते.

पाळी येते कशी, इथून सुरुवात करू. अंडाशयातून बीज सुटलं की तिथे प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होऊ लागतं आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्या आधारावर टिकून राहतं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तर ढासळतं आणि पाळी येते. म्हणजे बाहेरून तसंच काही देत राहिलं तर पाळी थांबून राहील. प्रश्न होता, ते आणायचं कुठून? 1934 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी ते शुद्ध स्वरूपात मिळवलं, तेव्हा सुमारे 50,000 डुकरिणींच्या अंडाशयांतून हाती आलं फक्त 20 मिलिग्रॅम. चिमूटभरही नाही.

मग रसेल मार्कर नावाचा एक हट्टी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वनस्पतींकडे वळला. करांद्याच्या कुळातल्या काही कंदांत डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा सांगाडा थेट प्रोजेस्टेरॉनसारखा, फक्त एका बाजूला नको असलेलं शेपूट. ते शेपूट रसायनांनी तोडायची युक्ती मार्करला सापडली होती. अडचण कंदाची होती. एका पुस्तकात त्याने मेक्सिकोतल्या एका प्रचंड कंदाबद्दल वाचलं आणि तो सरळ व्हेराक्रूझच्या डोंगराळ भागात जाऊन थडकला. 1943 मध्ये मेक्सिको सिटीत बसून त्याने सुमारे दहा टन कंदांतून तीन किलोच्या आसपास प्रोजेस्टेरॉन काढलं. पुढच्याच वर्षी तिथे सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. 15 ऑक्टोबर 1951 रोजी तिच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंतेस या 26 वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातून पहिल्यांदा नॉरएथिस्टेरॉन तयार झालं. आपल्याकडे गौरीपूजनासाठी पाळी थांबवणारी गोळी ती हीच.

आता मोह होईल, की मग करांदेच खावेत, गोळी कशाला! परदेशात या समजुतीवर रानटी कंदाच्या मलमांचा धंदाच उभा आहे. पण ते डायोस्जेनिनचं शेपूट तोडायची हत्यारं आपल्या शरीरात नाहीत. ते काम रसायनशास्त्रज्ञाच्या भांड्यातच होतं. करांदा मीठ लावून चवीने खावा, त्यातून संप्रेरक मिळणार नाही. आणि गोळी काउंटरवर परस्पर मागू नये. रक्तात गुठळ्या होण्याचा किंवा यकृताचा त्रास असलेल्या बाईला ती महागात पडू शकते. ढकललेली पाळी गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत येते, हेही पुष्कळजणींना कुणी सांगितलेलं नसतं.

पाळीतल्या पोटदुखीची गोष्ट वेगळी आहे. तिथे आजीच्या बाजूने बोलायला मला आवडतं. 1930च्या दशकात स्वीडनच्या फॉन ऑयलर यांना वीर्यात एक द्रव्य सापडलं. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येतं असं वाटून त्याचं नाव पडलं प्रोस्टाग्लँडिन. 1957 मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या पिकल्स यांना पाळीच्या स्रावात स्नायू आकसवणारं काहीतरी आढळलं, आणि ते याच घराण्यातलं निघालं. पुरुषाच्या ग्रंथीचं नाव लावून फिरणारं हे द्रव्य बायकांच्या कळांमागे होतं! ते जास्त तयार झालं की गर्भाशय स्वतःला इतकं करकचून आवळतं की त्याच्या स्वतःच्याच रक्तवाहिन्या दबतात. स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि कळ येते. आयबुप्रोफेन हे द्रव्य बनणंच रोखतं, म्हणून ती गोळी कळा सुरू होताच घेतली तर जास्त उपयोगी पडते.

आणि आजीचा शेक? विटकर तापवून फडक्यात गुंडाळायची, किंवा मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करायची. 2001 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत ओटीपोटावर बारा तास सुमारे 39 अंशांची ऊब देणारी पट्टी ठेवली. तिचा आराम आयबुप्रोफेनच्या बरोबरीचा निघाला. तापाच्या पेशंटच्या कपाळाएवढी ती ऊब, फक्त सलग हवी. आलं-सुंठीवरही इराणमध्ये चाचण्या झाल्या. 2009 च्या एका चाचणीत सुंठेची पूड वेदनाशामक गोळ्यांच्या तोडीस तोड ठरली. अशा चाचण्या लहान असतात, त्यामुळे 2016 च्या कोक्रेन आढाव्याने या सगळ्या पूरक पदार्थांबद्दल भक्कम पुरावा नाही असंच म्हटलं. पण सुंठ-गुळाची गोळी खायला कोणाची परवानगी लागते?

पाळी अनियमित करणाऱ्या पीसीओएससाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनचंही मूळ युरोपातल्या एका जांभळ्या फुलांच्या रानटी झुडपापर्यंत, गॅलेगापर्यंत, पोचतं. जंगल आणि केमिस्ट यांच्यात सरळ कुंपण घालायला गेलं की ते असं जागोजागी मोडतं.

उरलं अशोकारिष्ट, पाळीत फार रक्त जातं म्हणून घेतलं जाणारं आयुर्वेदिक औषध. कर्जतच्या फार्महाउसांच्या कुंपणाशी ओळीने उभी असलेली ती उंच, सडपातळ झाडं सगळे अशोक म्हणून ओळखतात. ती सीताफळाच्या कुळातली. औषधातला सीताअशोक चिंचेच्या कुळातला, डेरेदार, कोवळी पानं तांबूस आणि लोंबती, फुलं केशरी, थेट जुन्या फांद्यांवर गुच्छांनी लागलेली. त्याची साल मिळेनाशी झाली आहे आणि बाजारात तिच्या जागी त्या खोट्या अशोकाची साल खपते. तेव्हा बाटलीत काय आहे, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून महत्त्वाचा: रक्त इतकं का जातंय? दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर आधी सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन. सहा महिने अरिष्ट पीत घरी बसलेल्या बाईच्या पोटात त्या काळात फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, निवांत वाढू शकतो. मला याचा राग येतो, आणि तो सीताअशोकावरचा नाही.

पण अरिष्ट बनतं कसं ते ऐकण्यासारखं आहे. सालीचा काढा, गूळ, जिरं, सुंठ, त्रिफळा, आणि सगळ्यांत शेवटी धायटीची फुलं. हे मिश्रण बंद भांड्यात काही आठवडे ठेवतात. आत गुळाचं मद्य होतं, साधारण पाच ते दहा टक्के, आणि ते अरिष्टाला टिकवतं. मद्य करणारं यीस्ट कुणी विकत आणत नाही. ते धायटीच्या फुलांबरोबर येतं.

फेब्रुवारीत भीमाशंकरकडे चढणाऱ्या वाटांवर धायटी लाल होते. गुरं राखणारी पोरं फुलं खुडून देठाकडून मध चोखत बसतात. दिसत नाही इतकं बारीक असलेलं ते यीस्ट त्याच मधात वाढत असतं.